मूळचे डाग

नाकावर माशी बसू न देणारी माणसं पुष्कळ असतात. शीमामीच्या नाकाजवळ यायचं तर माशीलाच आधी आंघोळ करावी लागली असती.

तिचं खरं नाव दुकानाच्या परवान्यापुरतं उरलं होतं. नणंदेची मुलं सुट्टीला यायची तेव्हा ही दिवसभर ‘शी!’ करत त्यांच्या मागे फिरायची. ओला टॉवेल पलंगावर टाकला, शी. चमचा चाटून परत बरणीत घातला, शी, शी! मुलांनी तिला शीमामी करून टाकलं आणि मुलांचं ऐकून सगळ्या गल्लीने. नवऱ्यालाही मग ओघानेच सगळे मामा म्हणू लागले. कोणी म्हणेल, काय हा नखरा. पण नखरा कसला, त्या ‘शी’वर दोघांचं पोट चालत होतं.

मामा-मामीचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. पुढचा काउंटर आणि इस्त्री मामाची, मागच्या खोलीतलं डाग काढायचं टेबल मामीचं. मामी लहानाची मोठी झाली हॉटेलच्या धुलाईघरात. आई तिथे चादरी धुवायची, परक्या माणसांनी झोपून, सांडून, ओकून ठेवलेल्या. आईने तिला एक नियम शिकवला होता: डाग कशाचा ते विचारायचं, कोणाचा ते विचारायचं नाही. कशाचा ते मामी नुसत्या वासावरून सांगायची. कोणाचा ते विचारायची नाही, पण मनातल्या मनात त्या माणसाचा उद्धार केल्याशिवाय राहायची नाही. कॉलरवरचा मळकट पट्टा बघितला की तिला त्या गृहस्थाची मान दिसायची. काखेतला पिवळा डाग बघितला की आख्खा गृहस्थ दिसायचा. लोक कामावर प्रेम करा म्हणून सांगतात. मामीने आयुष्यभर कामाची किळस केली आणि तरी त्या कामात तिचा हात धरणारं कोणी निघालं नाही. डाग दिसला की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि डाग जाईपर्यंत तो काटा जायचा नाही.

डाग गेला की ती आतून ओरडायची, “निघाला!”

बाहेरून मामा विचारायचा, “कापड राहिलं का?”

“राहिलं!”

हे रोजचं. मामीला तो प्रश्न अपमानाचा वाटायचा. राहणार नाही तर जाईल कुठे? तिच्या हातून कधी कापड गेलं नव्हतं. पण मामा म्हणजे गरीब गाय असला तरी एवढं एक तो विचारल्याशिवाय राहायचा नाही. डाग काढणाऱ्याचं लक्ष डागावर असतं, कापडाकडे बघायला दुसरं माणूस लागतं, असं त्याचं म्हणणं.

दुकानात कपडे पिळायचं एक यंत्र होतं. ते फिरायचं कमी आणि किंचाळायचं जास्त. मामीने पहिल्याच दिवशी ‘शी, काय हा आवाज’ म्हणून कानांत कापसाचे बोळे घातले. मामाला गिऱ्हाइकाचं ऐकावं लागे, त्यामुळे त्याचे कान उघडे. परिणाम व्हायचा तोच झाला. दुकान दुसऱ्याला देऊन दोघं घरी बसली तेव्हा मामीला शेजारच्या घरातली टाचणी पडलेली ऐकू यायची आणि मामाला दारावरची घंटा ऐकू येत नव्हती. कानाच्या डॉक्टरने तपासलं. कानाचा पडदा ठणठणीत आहे, म्हणाला, पण मागची नस वाळत चालली आहे. बारीक आवाज गेले ते गेलेच. जाड आवाज, खर्जातले, ते अजून शाबूत आहेत, पण तेही हळूहळू जातील. कानातलं यंत्र लावा हवं तर, पण फार आशा धरू नका.

 घरी येताना मामा म्हणाला, “आता घेऊ या का गं ते?”

ते म्हणजे काय, हे मामीला विचारावं लागलं नाही. तरुणपणी मामा एका बंगल्यात धुतलेले पडदे लावायला गेला होता. शिडीवर चढलेला, तोंडात पडद्याचे हूक. खाली मालकाने कुठलीशी तबकडी लावली. भिंतीशी छातीइतके उंच दोन स्पीकर उभे होते, पुढे कापड ताणलेले, अंगाने लाकडी. जाड तारेचं एखादं वाद्य असावं. ‘तो आवाज कानात आलाच नाही गं,’ मामा सांगायचा, ‘तो शिडीतून माझ्या पायांत आला.’ तबकडी संपेपर्यंत हा तोंडात हूक धरून शिडीवरच. पुढे त्याने तशा वाद्याची एक तबकडी विकत घेतली आणि साध्या खोक्यावर कधीमधी वाजवली, पण ती पायांत काही आली नाही. ही गोष्ट मामीने इतक्यांदा ऐकली होती की तिला त्या हुकांची चव माहीत झाली होती. धातूची, आणि शी, न धुतलेली.

एक दिवस मामाने जाहिरातीतला फोटो तिच्यापुढे धरला. तेच स्पीकर, त्याच जातीचे. मामीच्या अंगावर सोन्याचा एकच मोठा डाग होता. तो तिने मोडला.  फक्त तोलणाऱ्या सोनाराची काळी नखं बघून एकदा शी म्हणाली.

स्पीकर विकणारा गृहस्थ एकटा राहत होता. “तानसेन नाही झालो, पण कानसेन आहे,” अशी त्याने स्वतःच स्वतःची ओळख करून दिली, म्हणून मामीने त्याचं नाव कानसेनच ठेवलं. बाकी त्याचे कान सोडले तर वर्णन करण्यासारखं काही नव्हतं, आणि कानांतून केस आले होते.

घरात पाऊल टाकलं आणि मामीने श्वास धरला. मांजरं किती होती कोण जाणे, वास मात्र सगळ्यांचा होता. सोफ्याचे हात तेलकट चमकत होते. कपात चहाची साय वाळून तडकली होती आणि तिच्यात विडीची राख. खिडक्यांचे पडदे मूळचे कुठल्या रंगाचे हे मामीलाही सांगता येईना, आणि हे सांगता न येणं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. ती सोफ्याच्या अगदी कडेवर टेकली, तेही रुमाल अंथरून.

कानसेन उभ्याने बोलत होता. आवाजाला मखमल आहे, म्हणाला. मामीच्या मनात आलं, मखमल सगळ्यात वाईट, धूळ धरते. आवाजाचा तळ काळाभोर आहे, म्हणाला. तो तर कुठेही बघितलं तरी दिसत होता. “हे खोके नाहीत हो, माझी लेकरं आहेत.”

“मग आंघोळ घाला की त्यांना कधीतरी,” मामी पुटपुटली.

कानसेनाने करंगळीचं लांब नख कानात घालून फिरवलं, बाहेर काढून बघितलं, आणि तोच हात मायेने स्पीकरच्या लाकडावरून फिरवला. 

“आणि एक सांगून ठेवतो,” तो म्हणाला, “आतले डाग सगळे मूळचे आहेत. कारखान्यातले. एकालाही कोणाचा हात लागलेला नाही. असं आता शोधून मिळत नाही.”

मामी बघतच राहिली. डाग लपवणारे तिने पाहिले होते, लाजणारे पाहिले होते, डाग शेजाऱ्यावर ढकलणारे तर रोजचेच. पण डाग मिरवणारा माणूस ती पहिल्यांदा बघत होती.

“कधी काढावेसे नाही वाटले?” तिने विचारलं.

कानसेन दचकला. “काढायचे? अहो, डाग काढले तर राहिलं काय!”

वेडा आहे, मामीने ठरवलं. घाण माणसं खूप असतात, पण घाणीचा अभिमान असलेला म्हणजे हद्द झाली.

मग कानसेनाने तबकडी लावली. मामा स्पीकरशी गेला आणि लाकडाला तळवा लावून उभा राहिला. मामीला जमिनीतून काहीतरी घुमत आल्यासारखं वाटलं. मामाने डोळे मिटले. त्याच्या तोंडावर जे आलं ते तिने लग्नातही बघितलं नव्हतं.

“येतोय गं,” तो जरा मोठ्यानेच म्हणाला, बहिऱ्या माणसासारखा. “इथून येतोय.” आणि दुसरा हात छातीवर ठेवला.

मामीचे डोळे भरून आले. त्या मांजरांच्या मुताच्या वासात बसून आपल्याला रडू यावं, याची तिला भयंकर चीड आली. “घेतले,” ती म्हणाली. “द्या बांधून.”

टेम्पोवाला आला, दोन्ही स्पीकरकडे बघून म्हणाला, “दोन डाग आहेत ना? होऊन जाईल.”

“दोन?” मामी उसळली. “नीट बघा जरा! अंगभर आहेत.”

“अगं, नग म्हणतोय तो,” मामा म्हणाला. “सामानाचे डाग. दोन डाग म्हणजे दोन नग.”

टेम्पोवाला हसला. मामी हसली नाही. जगात या एका शब्दाचे लोक किती अर्थ करतात, एवढं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिथेच राहिलं.

घरी आल्यावर तिने स्पीकर उंबऱ्याबाहेरच्या पडवीत उतरवायला लावले, खाली जुने कागद टाकून.

“आधी एकदा लावून बघू,” मामा म्हणाला. “मग पूस हवं तेवढं.”

“या घरात ही घाण अशीच येणार नाही. त्याने कानात घातलेलं बोट त्यावर फिरवलंय, मी बघितलंय डोळ्यांनी.”

मामाने वाद घातला नाही. तबकडी वाजवायचं त्याचं यंत्र दुरुस्तीला टाकलं होतं, ते आणायला तो गेला. जाताना स्पीकरला थोपटून गेला. आपलं माणूस परगावाहून आलं आहे आणि आपल्याला नेमकं बाहेर जावं लागतंय, असा.

मामीने बाह्या सरसावल्या. आधी लाकूड पुसलं. फडकं पहिल्याच हाताला काळं झालं. मग पुढची कापडाची चौकट ओढून काढली. कापडामागे मांजराचे केस लोकरीसारखे दाटले होते, त्यांत मेलेली झुरळं, राख आणि एक कापलेलं नख. शी, शी, शी! कापड भिजत घातलं तर पाणी चहासारखं झालं, ते ओतून दिलं तर परत तसंच. मामीचे हात सपासप चालत होते. खरं सांगायचं तर दुकान गेल्यापासून इतकं बरं तिला वाटलं नव्हतं.

मग उघडे पडलेले पडदे तिने बघितले. स्पीकरमधल्या त्या कागदी वाट्यांना पडदाच म्हणतात, हे मामाने तिला सांगितलं होतं. वर दोन लहान, खाली एक ताटाएवढा. आणि त्या ताटाएवढ्या पडद्याच्या कडेने, गोल, तपकिरी, ओला चमकणारा पट्टा. तिने बोट लावलं तर चिकटलं. ओढलं तर तार निघाली.

हेच ते. म्हाताऱ्याचे मूळचे डाग.

तिने वास घेतला. नाक काही सांगेना. तेल नाही, गोंद नाही, अन्न नाही, माणसाचं काही नाही. दुकानात असं कधी झालं असतं तर ती थांबली असती. कपड्याच्या आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघितला असता, एक दिवस बाजूला ठेवलं असतं. कशाचा ते कळल्याशिवाय बाटलीचं बूच उघडायचं नाही, ही आईची शिकवण. पण त्या दिवशी तिने कशाचा ते विचारलंच नाही. कोणाचा ते तिला पक्कं माहीत होतं. कानसेनाचा! त्याच्या तेलकट सोफ्याचा, त्याच्या करंगळीचा, त्या घरात इतकी वर्षं साचलेल्या सगळ्याचा.

“पडदाच ना?” ती स्वतःशी म्हणाली. “पडदे मी जन्मभर धुतले.”

दुकानातून आणलेली सगळ्यात जालीम बाटली तिने काढली. बोळा भिजवून पट्ट्यावर दाबला. चिकटा लगेच सुटला, विरघळला, ओघळला. काही बोळ्यात आला, काही पडद्याच्या उतारावरून मधल्या फटीत गेला. ती पुसत गेली, ओतत गेली. एक झाला, दुसरा झाला. पट्ट्याखालचं कापड निघालं तेव्हा ते कोरं, फिकट, जाळीदार होतं. मामीच्या अंगावरचा काटा बसला.

“निघाला!” ती सवयीने ओरडली.

पडवी रिकामी होती. पुढचं विचारायला मामा घरात नव्हता.

तो आला तोवर स्पीकर आत भिंतीशी उभे होते, लाकूड लखलखत, पुढचं कापड धुऊन वाळवून परत बसवलेलं. “अरे वा, अरे वा!” करत त्याने तारा जोडल्या. जपून ठेवलेली तबकडी तिच्या हातात दिली. “तू लाव,” म्हणाला, आणि खुर्ची स्पीकरला खेटून ठेवली, बसला, लाकडाला तळवा लावला, डोळे मिटले.

मामीने सुई टेकवली.

तिला आवाज आला. बारीक, कुरकुरीत, डास कानाशी यावा तसा. जमिनीत काही घुमलं नाही. ती वाट बघत राहिली, पुढे जाड होईल म्हणून. झालं नाही.

मामा डोळे मिटून बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, “लाव ना.”

 तबकडी तिच्या डोळ्यांपुढे फिरत होती.

“लावलंस का गं?” त्याने विचारलं. हात तसाच लाकडावर.

तिने आवाज वाढवला. डास मोठा झाला, एवढंच. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, ते तिला ऐकू आलं. त्याला तेही नाही.

फसवलं मेल्याने! ती तडक आतल्या खोलीत गेली आणि कानसेनाला फोन लावला. तोंडाला येईल ते बोलली. घाणेरडे ते घाणेरडे आणि वर बिघडलेले, मी एवढे तुमचे डाग काढले, हात सोलून घेतले...

“डाग काढलेत?” कानसेन ओरडला. “कापलेत की काय? आतल्या तारा सोडवल्यात?”

“तारांना मी कशाला हात लावू?”

“मग डाग कुठले काढलेत? अहो बाई, डाग म्हणजे तारांचे सांधे! कथिल वितळवून तारेला डाग देतात ना, ते!”

 मामीने हळू आवाजात विचारलं, “आणि मोठ्या पडद्याच्या कडेचं ते तपकिरी? चिकट?”



“ते लावलेलंच असतं हो,” कानसेन म्हणाला. “कधी वाळू नये असंच असतं. त्यानेच हवा अडते आणि पडदा हलतो. आत ओघळलं का?”

“ओघळलं.”

“मग बसलं मधल्या फटीत. पडदा चिकटला तिथे. खर्ज गेला. असे पडदे आता कोणी बनवत नाही.” आणि तो रडायला लागला, म्हाताऱ्या माणसासारखा, नाक ओढत, फोनमध्ये घशाचे आवाज करत. मामीच्या तोंडून शी निघाली नाही.

फोन ठेवून ती उभी राहिली. बोटांना त्या बाटलीचा वास येत होता. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांत तो तपकिरी चिकटा राहिला होता. सगळं साफ करताना नेमकं तेवढं राहिलं होतं. तिने हात पुसले, साबणाने धुतले, परत धुतले, आणि तरी तिला त्या हातांची किळस येत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मानांची, काखांची, नखांची किळस केली, तिच्यावर पोट भरलं, वर त्याचा तोरा मिरवला. अति तेथे माती म्हणतात. माती परवडली असती.

बाहेरच्या खोलीत मामा अजून तसाच बसला होता. तबकडी संपून सुई नुसती खरखरत होती. त्याचा तळवा लाकडावरून हलला नव्हता. तिची चाहूल लागून त्याने डोळे उघडले, तिच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या ओल्या, लाल झालेल्या हातांकडे.

“डाग काढलास?” त्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

मामाने स्पीकरकडे बघितलं, लखलखणाऱ्या लाकडाकडे, पांढऱ्याशुभ्र झालेल्या कापडाकडे. आणि मग त्याने तेच विचारलं, जे तो काउंटरवरून जन्मभर विचारत आला होता.

“कापड राहिलं का?”

“नाही,” मामी म्हणाली.

ती इतकं हळू म्हणाली की त्याला ऐकू गेलं नाही. “काय?” म्हणून त्याने आपला बरा कान तिच्याकडे केला. तेव्हा मग तिला ते परत म्हणावं लागलं, त्याच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.